हयातीच्या यादीत आईचं नाव नव्हतं

महाराष्ट्र विधानसभेच्या सन्माननीय सदस्यांस,



मी नाशिकमधल्या एका बँकेत काम करते. दर नोव्हेंबरात माझ्याकडे एक खिडकी येते. निवृत्तिवेतन घेणारे लोक हयातीच्या यादीवर सही करायला येतात ती. दहाला दार उघडतं, पण पायऱ्यांवर नऊपासूनच माणसं बसलेली असतात. निवृत्त तलाठी, हायस्कूलचे मास्तर, पाटबंधाऱ्यातले शिपाई, दवाखान्यातल्या नर्सबाई, कुणाच्या मागे राहिलेली बायको. कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून येतं. कुणाचा हात इतका थरथरतो की सहीऐवजी अंगठा घ्यावा लागतो. यादीत नाव शोधायचं, चेहरा पाहायचा, ओळख पटवायची आणि समोरच्या रकान्यात सही घ्यायची, एवढंच काम. मला ते मनापासून आवडतं. सही झाली की "झालं ना हो बाई?" असं विचारतात आणि वर्षभराची चिंता मिटल्यासारखे सावकाश बाजूला होतात.

माझी आई या रांगेत कधी उभी राहिली नाही. तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात, एका पाड्यावर, ती एकोणचाळीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. गेल्या आषाढात ती गेली. हे पत्र तिच्याविषयी आहे आणि तिच्याबरोबरच्या ज्या अजून आहेत त्यांच्याविषयी. तुम्ही २८८ जण कायदा करू शकता, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

आई १९८४ साली कामाला लागली. वय सव्वीस, शिक्षण सातवी. घरची पाऊण एकर वरकस जमीन, तिच्यात नागली आणि वरई. एकात्मिक बाल विकास योजना देशात २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी सुरू झाली होती; आमच्या डोंगरापर्यंत पोचायला तिला वर्षं लागली. तेव्हा पालघर जिल्हा नव्हता, आम्ही ठाणे जिल्ह्यातले. मॅट्रिक न झालेल्या सेविकेला त्या वेळी महिन्याला सव्वाशे रुपये मिळायचे. त्याला पगार म्हणत नसत, मानधन म्हणत. आजही तोच शब्द आहे.

अंगणवाडीला इमारत नव्हती. आमच्या घराची पडवी हीच अंगणवाडी. आजी पहाटे शेणाने सारवून द्यायची आणि आई तिच्यावर पांढऱ्या मातीने रेघा काढायची, मुलांनी ओळीत बसावं म्हणून. एका कोपऱ्यात तीन दगडांची चूल. वर तुळईला एक लोखंडी आकडा ठोकलेला, त्याला स्प्रिंगचा वजनकाटा लटकायचा आणि काट्याला चड्डीसारखी कापडी झोळी. मूल झोळीत बसवलं की ते हमखास रडायचं. आई एका हाताने त्याचे पाय धरून, मान वर करून आकडा वाचायची.

अंगणवाडी हा शब्द आज बंगालपासून केरळपर्यंत सगळीकडे चालतो, पण तो जन्मला आमच्याच भागात. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या बायकांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये त्या डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. प्रशिक्षणात आईच्या तुकडीला ती टेकडी दाखवायला नेलं होतं. चिंचोके, पानं, शंख-शिंपले यांतून मोजायला शिकवतात हे तिने तिथे पाहिलं आणि परत आल्यावर आमच्याकडून पिशवीभर चिंचोके गोळा करून घेतले. विकतची खेळणी अंगणवाडीत आली ती फार पुढे. ती आली तरी चिंचोक्यांची पिशवी खुंटीवर राहिली.

मुलं आपोआप येत नसत. ती आणावी लागत. सकाळी आठला आई निघायची. पाडा उतारावर पसरलेला, घरं एकमेकांपासून लांब. कुणाची आई लाकडाला गेलेली, कुणाची आवणीला. एक मूल कडेवर, दोन बोटाला धरलेली, चार मागून येणारी, असा तिचा घोळका पडवीत शिरला की मदतनीस मावशी चुलीवर भांडं ठेवायची. मग गाणी, चिंचोके, नखं पाहणं, नाक पुसणं. मग खाणं. दुपारी गरोदर बायांच्या घरी फेरी. लसीच्या दिवशी आदल्या संध्याकाळी घरोघर निरोप. कुणी लस टोचून घेऊ देत नसेल तर त्या घरी दोनदा, तीनदा जाणं. निवडणुकीच्या याद्या, जनगणना, पल्स पोलिओ हेही तिच्याच माथी यायचं. घड्याळ लावून मोजलं तर हे काम चार-पाच तासांचं कधीच नव्हतं. मी लहानपणी आईला दिवसाउजेडी आडवं झालेलं पाहिलं नाही.

तिच्या मागे एक पत्र्याची पेटी राहिली. दिवस झाल्यावर मी ती उघडली. आत दोन नवी लुगडी, बँकेचं पासबुक, निवृत्तीच्या समारंभात मिळालेली शाल आणि खाली एकतीस वह्या. सरकारी रजिस्टरं वेगळी, ती भरली की वरच्या कचेरीत जमा होत. एकदा तिला मागच्या वर्षीचं एका मुलाचं वजन हवं होतं आणि ते रजिस्टर जवळ नव्हतं. तेव्हापासून तिने स्वतःच्या पैशांनी शंभर पानी वही आणून आपली नोंद आपल्यापाशी ठेवायला सुरुवात केली. पहिली वही १९८७ सालची. प्रत्येक पानावर नाव, जन्माचा महिना, वजन आणि शेवटी एक रकाना, त्याला मथळा नाही. त्या रकान्यात काय वाट्टेल ते आहे. 'आईला दूध येत नाही.' 'बाप भट्टीवर.' 'खोकला, डॉक्टरला दाखवले.' 'आता बोलतो.' 'नागली संपली.'

१९८८ च्या वहीत माझं नाव सापडलं.

तेव्हा मी तीन वर्षांची होते. नावापुढे आधी ९ किलो ६०० असं लिहिलंय. ते एका आडव्या रेघेने खोडून शेजारी ९ किलो ४०० लिहिलंय. पुढे कंसात: श्रेणी २. त्या काळी कुपोषणाच्या चार श्रेणी होत्या. दुसरी म्हणजे मध्यम कुपोषित. पाड्यावरच्या सगळ्या मुलांना शिजवून घालणाऱ्या बाईचं स्वतःचं मूल मध्यम कुपोषित होतं आणि ते तिने स्वतःच्या हाताने नोंदवलं होतं. मदतनीस मावशी अजून आहे. तिला मी ते पान दाखवलं. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुला दोनदा काट्यावर घातलं व्हतं. पहिल्यांदा तू पाय हलवत व्हतीस. मग म्हणली, परत बघू. परत कमीच भरलं." थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "त्या दिवशी ती जेवली नाय."

जेवणाच्या वेळी माझी वाटी सगळ्यांत शेवटी भरायची, हे मला आठवतं. मला त्याचा राग यायचा. सुकडी असली तर सारखी मापून, उसळ असली तर सारखी. भांड्याला चिकटलेलं खरवडून काढलेलं माझ्या वाट्याला यावं, असं मला वाटायचं. ते ती सगळ्यांत अशक्त मुलाला द्यायची. मी तिची मुलगी असल्याचा मला पडवीत काहीही उपयोग नव्हता. आज ९ किलो ४०० हा आकडा पाहिल्यावर कळतं की तिच्या मनात काय चाललं असेल. सव्वाशेचे तोवर सव्वादोनशे रुपये झाले होते, आणि तेही दर महिन्याला हातात पडत नसत. दोन-दोन, तीन-तीन महिन्यांचे एकदम यायचे. त्या आधीच वाण्याची उधारी वाट पाहत असायची.

पण त्याच मानधनामुळे मी शिकले, हेही मला तुम्हाला सांगायचं आहे.

आमच्या तालुक्यात दिवाळी झाली की पाडे रिकामे होतात. भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर कुटुंबंच्या कुटुंबं जातात. गणपतीच्या सुमाराला घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीच्या शेठकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा, बायको, शेळ्या, कोंबड्या, पोरं, सगळी ट्रकमध्ये बसतात. काही शिमग्याला येतात, काही पावसाच्या तोंडाशी. माझे बाबाही तीन-चार वर्षं गेले. आई मात्र जाऊ शकत नव्हती, तिची अंगणवाडी होती. त्यामुळे मीही गेले नाही. माझ्याबरोबर पडवीत बसणाऱ्या मुली सहा-सहा महिने भट्टीवर राहून आल्या की बाराखडी विसरलेल्या असायच्या. मी मागे राहिले म्हणून माझी शाळा बुडाली नाही, पाचवीला आश्रमशाळा मिळाली, पुढे वसतिगृह, पदवी, बँकेची परीक्षा. माझ्यात त्या मुलींपेक्षा काही जास्त होतं असं मला वाटत नाही. माझी आई गावात थांबली होती, एवढाच फरक.

त्या सहा महिन्यांत तिच्या सरकारी रजिस्टरात निम्म्या नावांपुढे एकच शब्द असायचा: स्थलांतरित. वहीत मात्र ती लिहायची, कोण कुठल्या नाक्यावर, कुठल्या भट्टीवर गेलंय, बरोबर कोण कोण आहे, कुणाला निरोप धाडता येईल. शिमग्याच्या आठवड्यात ती काटा पिशवीत घालून एसटीच्या थांब्यावर जाऊन बसायची. गाडीतून, टेम्पोतून लोक उतरले की तिथेच, फाट्यावरच्या आंब्याच्या फांदीला काटा अडकवायची आणि मुलांची वजनं करायची. लोक हसायचे. म्हणायचे, घरी तरी जाऊ द्या बाई. ती म्हणायची, घरी गेल्यावर तुम्ही दोन दिवस बोहाड्याच्या उत्सवात असाल, मला आज पाहू दे पोर कसं आलंय ते. वह्यांत अशी पानंच्या पानं आहेत. दिवाळीत भरलेलं वजन आणि शिमग्यातलं वजन शेजारी शेजारी. बऱ्याच ठिकाणी दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी आहे. वाढत्या वयाच्या मुलाचं वजन चार-पाच महिन्यांत घटतं याचा अर्थ काय, हे तिला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं.

१९९२ ची वही मी दोनदा बंद केली आणि तिसऱ्यांदा वाचली. त्या पावसाळ्यानंतर जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची बातमी राज्यभर झाली. पत्रकार आले, गाड्या आल्या. आमचा पाडा त्या बातमीत नव्हता. पण आमच्याकडेही आषाढ-श्रावण तसाच होता. घरातला दाणा संपलेला, आवणीला आई दिवसभर चिखलात, मूल मोठ्या बहिणीपाशी, ओढ्याचं गढूळ पाणी, जुलाब, नदीला पूर, दवाखान्याची वाट बंद. वहीत त्या दोन महिन्यांत दोन नावांवर रेघ आहे. रेघेपुढे तारीख आणि मथळा नसलेल्या रकान्यात फक्त 'गेली' आणि 'गेला'. दुसऱ्या नावाखाली तिने बारीक अक्षरात लिहिलंय: 'मी मंगळवारी गेले. सोमवारी जायला हवे होते.' तेहतीस वर्षं तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरातही नाही.

त्यानंतरच्या नोंदींत एक बदल दिसतो. पावसाळ्यातल्या चार महिन्यांत अशक्त मुलांपुढे आठवड्यातून दोन वजनं आहेत. नियम महिन्याला एकाचा होता.

पुढे गोष्टी सुधारल्या, आणि ज्या सुधारल्या त्यांचं श्रेय ती मोकळ्या मनाने द्यायची. दंडाला गुंडाळायची पट्टी आली, लाल भागात, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, दंड आला की मूल तीव्र कुपोषित हे आईबापांनाही डोळ्यांनी दिसू लागलं. त्या पट्टीचं तिला फार कौतुक होतं. कागदावरचा आकडा जे पटवून देऊ शकत नसे, ते लाल रंग पटवून द्यायचा. २०१५ मध्ये अमृत आहार योजना आली. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा बायांना रोज एक वेळचं पूर्ण जेवण, नंतर मुलांना अंडी, केळी. अंडं हातात मिळालं की मूल ते पडवीबाहेर नेऊन धाकट्या भावाला देतं, हे लक्षात आल्यावर तिने अंडं समोर बसून सोलून खायला घालण्याचा नेम केला. मुलं ज्याला तोंड लावत नसत ती तयार मिश्रणाची पाकिटं कोंबड्यांपुढे जातात, हेही ती बैठकीत सांगायची. तिच्या मते राज्याने तीस वर्षांत काढलेला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय म्हणजे अंडं.

मोबाइल आला तो तिच्या शेवटच्या वर्षांत. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर हे नोंदींचं अ‍ॅप आलं, इंग्रजीत. सातवी शिकलेली, त्रेसष्ट वर्षांची बाई. माझ्या मुलीने तिला इंग्रजी अक्षरांची चित्रं करून दिली, कुठलं चित्र दिसलं की कुठे बोट ठेवायचं ते. त्याच वर्षी राज्यभरातल्या सेविकांनी ते जुने, गरम होणारे मोबाइल परत केले, आईनेही केला. पण ती चित्रांची वही पेटीत आहे. बत्तिसावी म्हणायला हरकत नाही.

आणि पाणी. मध्य वैतरणा धरण आमच्याच तालुक्यात, कोचाळ्याजवळ. त्याचं पाणी मुंबईला जातं. उन्हाळ्यात आमच्या पाड्यावर टँकर येतो. आई अंगणवाडीचे दोन हंडे आधी भरून घ्यायची, त्यावरून बायकांची भांडणं व्हायची, आणि ती भांडणं तिने कधी मनावर घेतली नाहीत. एवढंच लिहून पुढे जाते, कारण या विषयावर तुम्ही सभागृहात पुष्कळ बोलला आहात.

२०२३ मध्ये ती पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाली. त्याच वर्षी सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये झालं होतं, म्हणजे शेवटचे काही महिने तिला दहा हजार मिळाले. निरोप समारंभ झाला. साडी, नारळ, शाल. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ती उठून पडवीत येऊन उभी राहिली. अंगणवाडी तोवर सिमेंटच्या खोलीत गेली होती, पण जुनी सवय. एकरकमी एक लाख रुपये मिळाले. त्यांतून घरावर पत्रे घातले आणि एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. त्यानंतर तिच्या खात्यात दर महिन्याला येणारा एकही रुपया नव्हता. मी पाठवत होते, आणि ती घेतही होती, पण पासबुक उघडून मुलीच्या नावाची नोंद पाहताना तिचा चेहरा उतरायचा. कुणी तरी तिला सुचवलं, श्रावणबाळ योजनेचा अर्ज भरा, निराधारचे पैसे येतील. तिने अर्ज घरी आणला, वाचला आणि घडी करून चुलीपाशी ठेवला. मला म्हणाली, "मी निराधार कशी काय? एवढी वरसं काम केलंय मी." त्या योजनेच्या अटींत ती बसली असती की नाही, मला ठाऊक नाही. पण तिने अटी पाहिल्या नव्हत्या. तिला तो शब्द नको होता.

४ डिसेंबर २०२३ ला राज्यातल्या सेविका आणि मदतनिसांचा संप सुरू झाला. मागण्यांत निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी होती. आई तेव्हा सेवेत नव्हती. तरी ती तालुक्याच्या मोर्चाला गेली, मदतनीस मावशीला बरोबर घेऊन. मी फोनवर रागावले, थंडीत कशाला गेलीस, तुला आता काय मिळणार. ती म्हणाली, "मागं राहिलेल्या पोरींना तरी मिळंल." संप बावन्न दिवस चालला. पुढे २०२४ मध्ये सेविकांचं मानधन वाढलं. तिला ते लागू नव्हतं, पण पाड्यावरच्या नव्या सेविकेला बोलावून तिने गूळ-शेंगदाणे दिले.

सन्माननीय सदस्यहो, आता मी बँकेतली बाई म्हणून थोडा हिशेब मांडते.

२५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने निकाल दिला की १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना लागू होतो, आणि ज्याला मानधन म्हटलं जातं ते त्या कायद्यापुरतं वेतनच आहे. खटला गुजरातमधल्या सेविकांचा होता, कायदा देशाचा. त्या कायद्याचं सूत्र साधं होतं: शेवटचं मासिक वेतन, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले सेवेची वर्षं. आईचे दहा हजार आणि एकोणचाळीस वर्षं घातली की उत्तर येतं २ लाख २५ हजार रुपये. बरोबर तेवढेच, एक रुपया इकडे-तिकडे नाही. मी हा हिशेब ती असताना केला होता आणि तिला सांगितलाही होता. ती म्हणाली, एवढे? आणि मग, मावशीचे किती होतील ते काढ. मावशीचे काढले. तिच्यापेक्षा पुष्कळ कमी. आई बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत राहिली. म्हणाली, लाकडं तर तिनंच फोडली.

आईच्या खात्यात ते २ लाख २५ हजार आले नाहीत. आता येऊन तिला उपयोग नाही आणि मला ते नकोत. मी ते मागायला हे पत्र लिहिलेलं नाही.

तुम्हाला एक सरळ गोष्ट विचारायची आहे. या सभागृहात एक टर्म पूर्ण केलेल्या माजी सदस्याला निवृत्तिवेतन मिळतं. २०१६ पासून ते महिन्याला किमान ५० हजार रुपये आहे. त्याचा कायदा तुम्हीच, म्हणजे या सभागृहानेच, केला. मला त्यात काही गैर वाटत नाही. लोकांसाठी राबलेल्या माणसाला म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागू नये, हे तत्त्व तुम्ही त्या कायद्याने मान्य केलं आहे. पाच वर्षांच्या सेवेला ते लागू पडतं, तर एकोणचाळीस वर्षांच्या सेवेला का पडू नये? महाराष्ट्रात १ लाख १० हजारांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. त्या बायकांना ५० हजार नकोत. शेवटच्या मानधनाच्या निम्मी रक्कम, दर महिन्याला, मरेपर्यंत, आणि ती योजना म्हणून नको, कायद्याने, हक्काने. शिवाय निवृत्तीच्या दिवशी ग्रॅच्युइटीचा धनादेश, अर्ज न करता. मदतनिसांना तेच, त्यांच्या मानाने.

पैसे कुठून आणायचे हा प्रश्न तुम्ही विचाराल आणि तो विचारायलाच हवा. पण १९८४ साली सव्वाशे रुपयांत ही बाई मुलं जगवायला निघाली तेव्हा तो प्रश्न तिलाही पडला होता, आणि वाण्याकडे उधारी करून तिने तो सोडवला. चुलीची लाकडं, वह्या, काट्याची झोळी शिवायचं कापड, फाट्यापर्यंतचं एसटीचं तिकीट, हे सगळं त्या मानधनातून गेलं. माझ्या वाटीतूनही गेलं. राज्य तिचं हे देणं लागतं.

ती गेली त्या दिवशी पाऊस थांबत नव्हता. मी नाशिकहून पोचेपर्यंत पाड्यावरच्यांनी सगळी तयारी केली होती. प्रत्येक घरातून एकेक लाकूड आलं होतं, कोरडं, पावसाळ्यासाठी माळ्यावर जपून ठेवलेलं. तिरडीला खांदा देणाऱ्यांत तीस-पस्तिशीचे चार जण होते. चौघांचीही वजनं वह्यांत आहेत. त्यांतला एक १९९२ च्या पावसाळ्यात अकरा महिन्यांचा होता आणि त्याच्या नावापुढे आठ आठवड्यांत सोळा आकडे आहेत. तो आज भिवंडीला टेम्पो चालवतो, त्याच्या मुलाला घेऊन आला होता. पडवीत बसल्यावर त्याने तुळईकडे बोट करून मुलाला तो आकडा दाखवला आणि सांगितलं, मला इथे टांगायचे. मूल हसलं. आकडा अजून तिथेच आहे. मी तो काढू दिला नाही.

शेवटच्या वहीच्या मागच्या पानावर एक यादी आहे. संपानंतर कुणी तरी तिला सांगितलं होतं की निवृत्त झालेल्यांची माहिती गोळा करायची आहे. मग तिने आपल्या बीटमधल्या निवृत्त सेविका आणि मदतनिसांची नावं लिहून काढली, कामाला लागल्याचं साल, निवृत्तीचं साल, सध्या कुणापाशी राहते. तेवीस नावं आहेत, तिचं सातवं. चार नावांपुढे तिने पेन्सिलीने छोटी फुली केली आहे. त्या चौघी यादी करता करताच गेलेल्या.

या नोव्हेंबरात बँकेतली खिडकी बंद केल्यावर मी तीन शनिवार-रविवार मोखाड्याला गेले आणि यादीतल्या प्रत्येकीच्या घरी जाऊन आले. एकीला दिसत नाही. एक अजून रोजगार हमीवर जाते. एक मुलाबरोबर वीटभट्टीवर गेली होती, तिच्या शेजारणीने फोन लावून दिला आणि ती माझ्या आईच्या नावाने फोनवर रडली. मदतनीस मावशी आमच्या पडवीत बसून होती.

लवकरच नागपूरला अधिवेशन भरेल. तिथे या बायकांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा आणा. पक्ष कुठलाही असो, एकाने मांडा आणि बाकीच्यांनी हात वर करा. पाचवी फुली मी केली आहे. उरलेल्या अठराही जणी आज हयात आहेत.

आपली नम्र,
मोखाड्याच्या एका अंगणवाडी सेविकेची मुलगी